मुंबईत तीन दिवस, पाच माणसं, एक दुखरा गुडघा : प्लॅन बघून सांगा

कृष्णाकाठ, १४ डिसेंबर
नमस्कार मंडळी. २४, २५, २६ जानेवारी शनि-रवि-सोम अशी सलग सुट्टी आलीय, तर मुंबईला जायचं घाटतंय. आम्ही पाच जण : मी, बायको, मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७ वर्षांची आणि आई. आईचं वय ६७, डावा गुडघा दुखतो, सपाट रस्त्यावर बरी चालते पण जिना म्हटलं की नको म्हणते. शुक्रवारी रात्री कराडहून महालक्ष्मी एक्सप्रेस, शनिवारी सकाळी मुंबई, सोमवारी रात्री परत तीच गाडी. रिझर्वेशन दोन्हीकडचं मिळालंय. मावसभाऊ डोंबिवलीला असतो, तिथंच उतरायचा विचार आहे. मुलांची पहिलीच मुंबई. मी असा प्लॅन केलाय :
शनिवार : सीएसटी, गेटवे, ताज, म्युझियम, मरीन ड्राइव्ह, चौपाटी, तारापोरवाला मत्स्यालय.
रविवार : सिद्धिविनायक, हाजीअली, महालक्ष्मी, राणीची बाग, नेहरू सायन्स सेंटर, जुहू.
सोमवार : एलिफंटा, सी लिंक, थोडं शॉपिंग, आणि वेळ उरला तर लालबागला आईची जुनी चाळ.
काही राहिलं असेल तर सांगा, काही जास्त होत असेल तर तेही सांगा.

चहाबिस्कीट
सतरा ठिकाणं झाली, दोनदा मोजली. बेस्टचा ड्रायव्हरसुद्धा तीन दिवसांत इतकी मुंबई बघत नाही हो.

अनुजा_दादर
कृष्णाकाठ, आधी जे होणारच नाही ते काढून टाका. एलिफंटा सोमवारी बंद असतं, तुम्ही नेमकं सोमवारीच ठेवलंय. तारापोरवाला मत्स्यालय तर कित्येक वर्षं बंद आहे, मुलांना सांगून ठेवलं असेल तर आताच समजूत घाला. रविवारी लोकलला मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद, कुठल्या लाईनला किती ते शुक्रवार-शनिवारी कळतं, त्यामुळे रविवारी लोकलवर भिस्त ठेवू नका. आणि अजून एक, बाहेरून येणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही आणि मग ते रस्त्यावर उभे राहून हात करत बसतात : दादर, लालबाग, गेटवे, चर्चगेट या सगळ्या भागात रिक्षा नाहीच. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पलीकडे. इकडे काळी-पिवळी टॅक्सी, मीटर ३१ रुपयांपासून, पण टॅक्सीत चारच माणसं, तुम्ही पाच. मुलगी मांडीवर म्हणून कोणी घेतं कोणी घेत नाही, तेव्हा मोठी गाडी ॲपवरून बोलवा नाहीतर दोन टॅक्स्या.

डोंबिवलीकर
मावसभाऊ असताना हॉटेल कशाला? घरचं जेवण, मुलांना मुलं, आईंना बहिणीकडचं माणूस भेटतं. आमच्याकडे दर सुट्टीत कोणी ना कोणी असतंच, गाद्या खाली टाकायच्या, काही होत नाही. पाहुणा हॉटेलात उतरला तर आमच्यात चेहरा पडतो.

अनुजा_दादर
काका, चेहऱ्याचं मान्य. पण डोंबिवलीहून फास्ट लोकलने दादरला यायला जवळजवळ तास, त्याआधी घर ते स्टेशन, मग पूल. संध्याकाळी दिवसभर फिरून सगळे दमलेले असताना तेच उलटं. रोजचे तीन तास प्रवासात गेले म्हणजे तीन दिवसांतला एक दिवस लोकलमध्येच संपला. त्यात पुलाचे जिने. सरकते जिने आणि लिफ्ट बऱ्याच ठिकाणी झाल्यात पण तुमच्या डब्यासमोर असतीलच असं नाही, प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला असतात. गुडघा दुखणाऱ्या माणसाला ते टोक गाठणं हाच एक प्रवास आहे.

डोंबिवलीकर
रविवारी मेगाब्लॉक आणि तीन दिवस गर्दी, हे बरोबर आहे तुमचं. मग असं करा, एक रात्र भावाकडे आणि बाकी दादरला. भावाला आताच फोन करून सांगा, म्हणजे वाईट वाटणार नाही. आयत्या वेळी सांगितलं तर वाटतं.

परळची_पोर
मला एकच विचारायचंय. आईंची चाळ शेवटच्या ओळीत का? आणि तीही "वेळ उरला तर"? मुंबईत वेळ कधीच उरत नाही दादा. आई तिथे कधी राहायच्या?

मी_सदाशिव
लाँग वीकेंडला मुंबई म्हणजे अर्धं पुणे आणि अर्धं नाशिक तिथेच असतं. २६ ला गेटवेला पाय ठेवायला जागा नसते. मी म्हणेन तारीखच बदला, फेब्रुवारीतला साधा आठवडा घ्या.

अनुजा_दादर
मुलांची शाळा आहे हो त्यांच्या. सगळ्यांना साध्या आठवड्यात सुट्टी मिळत नाही. गर्दी टाळता येत नसेल तर गर्दीची जागा टाळायची, इतकंच.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार, मला वाटलं चार उत्तरं येतील.
परळची_पोर, सांगतो. वडील लालबागला गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते. आई लग्न होऊन १९७७ ला तिथं आली, गणेश गल्लीच्या अंगाला चाळ होती, दुसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली, खोलीत आम्ही आणि गावचे तीन गाळेकरी, म्हणजे सोबत राहणारे कामगार. माझा जन्म तिथलाच, केईएम हॉस्पिटलचा. मग ८२ चा संप झाला, वर्षभर वाट बघून ८३ ला वडील सगळं घेऊन गावी आले, पाटणजवळ. त्यानंतर आई मुंबईला गेलेली नाही. वडील जाऊन सहा वर्षं झाली. आई स्वतःहून काही मागत नाही, पण मी प्लॅन वाचून दाखवत होतो तेव्हा म्हणाली "लालबाग वाटंत लागंल का?" एवढंच. मला वाटलं मुलांना त्यात काय रस, म्हणून शेवटी टाकलं. आता तुम्ही विचारल्यावर माझं मलाच बरं वाटेना.

परळची_पोर
मग ती पहिली ओळ करा. बाकी सगळं तिच्याभोवती बसवा. आणि गंमत म्हणजे ते बसतंय : राणीची बाग भायखळ्याला आहे, तिथून लालबाग टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. मुलांचे पेंग्विन आणि आईंची चाळ एकाच दिवसात, एकाच रस्त्यावर. सकाळी बाग उघडल्या उघडल्या जायचं, पेंग्विन आधी बघून घ्यायचे, मग बाकीचं. बुधवारी बाग बंद असते पण तुमच्यात बुधवार नाहीच. मात्र २६ ला अजिबात जाऊ नका, सुट्टीच्या दिवशी तिथे जत्रा असते. शनिवारीच उरका.

निशा_नागपूर
आम्ही मागच्या वर्षी सासूबाई आणि दोन मुलं घेऊन मुंबई केली, त्यातून शिकलेलं सांगते. अर्ध्या दिवसाला एकच ठिकाण. दुपारी दोन ते चार खोलीवर येऊन आडवं व्हायचं. आम्ही पहिल्या दिवशी हे केलं नाही, संध्याकाळी चौपाटीवर मुलगा वाळूत बसून रडला आणि सासूबाई एक शब्द बोलेनात, ते जास्त वाईट. दुसरं म्हणजे बाथरूम. बाईमाणूस बाहेर पडलं की पाणीच पीत नाही, दिवसभर, आणि मग रात्री डोकं दुखतं. प्रत्येक ठिकाणी पोचलं की पहिल्यांदा ते विचारून ठेवायचं. म्युझियममध्ये आहे, सायन्स सेंटरमध्ये आहे, भुयारी मेट्रोच्या स्टेशनांत आहे.
हॉटेल बुक करताना लिफ्ट आहे का हे फोन करून विचारा, फोटो बघून ठरवू नका. आम्हाला एका लॉजने फोनवर "लिफ्ट आहे" सांगितलं, होती, पण पहिल्या मजल्यापासून सुरू होत होती. तिथवर वीस पायऱ्या. तेव्हा नुसतं "लिफ्ट आहे का" नाही विचारायचं, "रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या" असं विचारायचं.

चहाबिस्कीट
"रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या" हे मी लिहून ठेवलं. आमच्या बाबांना घेऊन जायचंय मार्चमध्ये.

गिरणगावकर
उशिरा आलो धाग्यावर, पण यावर लिहायलाच हवं.
कृष्णाकाठ, माझा जन्म काळाचौकीचा, वडील स्पिनिंगला, म्हणजे तुमच्या वडिलांचा कपडा आमच्या वडिलांच्या सुतावर. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, डॉ. दत्ता सामंत पुढे होते. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आमच्या चाळीत एकेक खोली बंद होत गेली, रात्री एसटीने माणसं जायची, सामान टपावर. तुमचं घर त्यातलंच एक असणार.
आता तुम्ही जाल तेव्हा काय दिसेल ते आधी आईंना सांगून ठेवा, नाहीतर धक्का बसतो. वरून लालबागचा उड्डाणपूल गेलाय, तो त्यांच्या वेळी नव्हता, त्यामुळे खालचा रस्ता ओळखू येत नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत, चिमणी एखादी दिसते कुठेतरी. पण गल्ल्या बऱ्याचशा आहेत तशाच आहेत. चाळी काही पाडून टॉवर झाल्या, काही टेकू लावून उभ्या आहेत. तुमची कुठली ते कळल्याशिवाय सांगता येणार नाही. चाळीचं नाव इथे लिहू नका, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी रविवारी जाऊन बघून येतो. पाच मिनिटांवर राहतो मी.
आणि आईंना गल्लीच्या तोंडापर्यंत टॅक्सीने न्या, चिंचपोकळी किंवा करी रोडला लोकलने उतरायच्या भानगडीत पडू नका, दोन्हीकडे पूल आहे.

मी_सदाशिव
गिरणगावकर, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हा धागा वाचतो. पण एक विचारतो, राग मानू नका. एवढ्या वर्षांनी तिथे नेऊन आईंना त्रास नाही का होणार? माझ्या मावशीला आम्ही वाडा दाखवायला नेलं होतं, तिथे पार्किंग झालेलं, ती घरी येऊन दोन दिवस जेवली नाही.

गिरणगावकर
होईल त्रास. पण त्यांनी स्वतः विचारलंय ना "वाटंत लागंल का". बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं न विचारलेला प्रश्न आहे तो.

कृष्णाकाठ
व्यनि केलाय. काय बोलू कळत नाही.

अनुजा_दादर
वातावरण जरा हलकं करते. लालबागला जाताय तर चिवडा गल्लीतून चिवडा आणि मसाल्याच्या बाजारातून वर्षाचा मसाला घ्या. मिरची तुम्ही निवडायची, खडा मसाला तिथेच मिळतो, भाजून कांडून देणारे शेजारीच. सगळी मुंबई तिथे मसाल्याला येते. खरा मोसम मार्च ते मे, पण जानेवारीत गर्दी कमी म्हणून निवांत मिळतं. आणि लाडू सम्राटला मुलांना कोथिंबीर वडी खाऊ घाला.

चहाबिस्कीट
कराडच्या माणसाला मसाला मुंबईहून न्यायला सांगताय? तिकडचा कांदा-लसूण मसाला खाल्लाय का कधी?

अनुजा_दादर
खाल्लाय, आणि आवडतो. पण मालवणी मसाला वेगळा. दोन्ही घरात असावेत.

डोंबिवलीकर
मिसळीचं कोणीच काढलं नाही अजून. ठाण्याला उतरून मामलेदार.

निशा_नागपूर
सात वर्षांच्या मुलीला मामलेदार मिसळ? काका!

अनुजा_दादर
दादरला आस्वाद किंवा प्रकाश आहे ना. प्रकाशचा साबुदाणा वडा. फक्त सुट्टीच्या सकाळी नऊच्या आत जा, नंतर बाहेर नाव लिहून उभं राहावं लागतं. पण २६ ला सकाळी तिकडे जाऊ नका, शिवाजी पार्कला राज्याचं संचलन असतं, आजूबाजूचे रस्ते बंद असतात. अर्थात मुलांना संचलन बघायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग पहाटे उठायची तयारी ठेवा.

परळची_पोर
भुयारी मेट्रोबद्दल निशाताईंनी ओझरतं लिहिलंय, मी जरा सविस्तर लिहिते कारण तुमच्यासाठी तीच खरी सोय आहे. आरे ते कफ परेड, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. दादर, सिद्धिविनायक, विज्ञान केंद्र, गिरगाव, सीएसएमटी (म्हणजे आपलं सीएसटी), हुतात्मा चौक, चर्चगेट सगळं एका लाईनवर. प्रत्येक स्टेशनला लिफ्ट, बसायला जागा, एसी. मेगाब्लॉकचा संबंध नाही. दादरचं मेट्रो स्टेशन रेल्वे स्टेशनात नाही, पश्चिमेला थोडं चालावं लागतं, आईंसाठी तेवढी टॅक्सी करा. खाली मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून तिकीट खिडकीवर काढा नाहीतर वर असतानाच काढून घ्या आणि पाचही जण एकत्र राहा.

मी_सदाशिव
तारीख बदला म्हणालो होतो, ते मागे घेतो. मेट्रो असेल तर जमेल. फक्त सिद्धिविनायक... २२ ला माघी गणेश जयंती आहे, ती गुरुवारी संपते, पण शनि-रविला त्याची गर्दी रेंगाळेल. पहाटे जा.

कृष्णाकाठ, २१ डिसेंबर
आईला आणि बायकोला बसवून सगळा धागा वाचून दाखवला. बायकोनं "अर्ध्या दिवसाला एकच ठिकाण" हे वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. नवीन प्लॅन :
शनिवार : दादरला उतरून खोली, आंघोळ, मग राणीची बाग. दुपारी विश्रांती. चारनंतर लालबाग.
रविवार : सकाळी मेट्रोनं हुतात्मा चौक, म्युझियम, लांबूनच गेटवे. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर नुसतं बसायचं, अंधार पडल्यावर सीएसटीची रोषणाई. मग लोकल, मेगाब्लॉक बघून, डोंबिवलीला भावाकडं मुक्काम. भावाला फोन केला, आधी रुसला, मग म्हणाला रविवारी मटण करतो.
सोमवार : दुपारपर्यंत भावाकडंच, मुलं मुलांत खेळतील, रात्री गाडी कल्याणला पकडायची.
सायन्स सेंटर, एलिफंटा, जुहू, सी लिंक पुढच्या वेळी. पोराला एलिफंटाचं वाईट वाटलं, त्याला सांगितलं की तिथं शंभराच्या वर पायऱ्या आहेत, आजीला खाली जेट्टीवर ठेवून जायचं का? म्हणाला नको.

अनुजा_दादर
आता याला सुट्टी म्हणतात. २६ च्या आदल्या रात्री सीएसटी आणि समोरची महापालिकेची इमारत तिरंगी दिव्यांत असते, मुलांना समोरच्या बाजूने उभं राहून दाखवा, तिथून दोन्ही इमारती दिसतात. सांगा त्यांना की हे स्टेशन १८८८ ला पूर्ण झालं आणि आजही रोज लाखो माणसं यातून कामाला जातात, ही बघायची इमारत नाही, वापरातली आहे.

गिरणगावकर, २८ डिसेंबर
जाऊन आलो. चाळ आहे. टेकू लावलेत, गॅलरीला निळी ताडपत्री आहे, पण आहे. दुसऱ्या मजल्यावर जुने भाडेकरू दोनच उरलेत. तुमची खोली बंद असते, मालक विरारला. शेजारच्या आजींशी बोलून ठेवलंय, या म्हणाल्या. लिफ्टचा प्रश्नच नाही, लाकडी जिना. आईंना वर नेऊ नका, आजी खाली यायला तयार आहेत.

कृष्णाकाठ, २९ जानेवारी
आलो परत मंगळवारी पहाटे. सगळ्यांना सांगायचं होतं म्हणून सविस्तर लिहितो.
पेंग्विन बघून झाले, पोरगी काचेला नाक लावून उभी होती ती हलेना, मागून लोक ओरडायला लागले. दुपारी झोपलो, निशाताई तुम्हाला खूप खूप धन्यवाद. चारला टॅक्सीनं लालबाग. गिरणगावकर गल्लीच्या तोंडाशी उभे होते. आई उतरली, पुलाकडं बघितलं, डावीकडं बघितलं आणि आम्हाला न विचारता चालायला लागली. आम्ही मागं. एका वळणावर गिरणगावकर म्हणाले "ताई, इकडून" आणि आई म्हणाली "तिकडून लांब पडतं." आणि खरंच लांब पडत होतं.
चाळीच्या दारात त्या शेजारच्या आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. आईला ओळख पटली नाही, त्या आजी नंतरच्या, ८६ ला आलेल्या. पण दोघी बोलत बसल्या, पाणी किती वाजता यायचं, कुठल्या खोलीत कोण होतं. मी मुलांना खालचा नळ दाखवला. मग आई उठली आणि जिन्याकडं गेली. मी म्हटलं आई नको, गुडघा. तर ऐकलंच नाही. जिना अंधारा, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, मलाच दिसत नव्हतं. आईनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वर न बघताच उजवा हात वर केला. तिथं दोर होता. चाळीच्या जिन्यात धरायला वरून सोडलेला असतो तो. मला तो दिसलासुद्धा नव्हता.
दोन मजले चढली. पाच-सहा वेळा थांबली. खोलीला कुलूप होतं, तिनं कुलूप हातात घेऊन बघितलं आणि सोडलं, मग गॅलरीत कठड्याला टेकून उभी राहिली. पोरानं विचारलं "आजी, एवढ्याशा खोलीत सगळे कुठं झोपायचात?" तर म्हणाली "तुझा आजा रातपाळीला असायचा, मग व्हायची जागा." रडली वगैरे नाही. खाली येताना मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवला.
मग बाजारात जाऊन दोन किलो बेडगी घेतली, एकेक मिरची मोडून बघत, दुकानदाराशी भाव करत अर्धा तास. परत येताना गाडीत आमच्या अख्ख्या डब्याला शिंका येत होत्या.
रविवारी मेगाब्लॉकमुळं डोंबिवलीला पोचायला रात्रीचे साडेदहा वाजले, पण मटण गरम होतं.

परळची_पोर
दोराचं वाचून उठून पाणी पिऊन आले. आमच्या जिन्यातही होता.

गिरणगावकर
मी खाली उभा होतो, मला हे माहीत नव्हतं. आईंना नमस्कार सांगा. गुडघा कसा आहे?

कृष्णाकाठ
दोन दिवस सुजला होता, शेक दिलाय, आता बरा आहे. आई म्हणतेय मसाला झाला की एक डबा गिरणगावकरांना पाठवायचा आहे, पत्ता व्यनि करा.

चहाबिस्कीट
तुमच्या दादरच्या लॉजचं नाव पण व्यनि करा प्लीज. आणि रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या होत्या?

कृष्णाकाठ
तीन. केलाय व्यनि.